आधी कुकर की आधी पोळपाट?

स्वयंपाकाची हौस नाही, पण मेसचा डबा नकोसा झालाय आणि रोज बाहेरचं खाणं खिशाला आणि पोटाला झेपत नाही, अशा माणसाने सुरुवात कुठून करावी? आपल्याकडच्या रोजच्या जेवणाचे ढोबळ दोन रस्ते आहेत. एक कुकरचा, म्हणजे वरण-भात, आमटी, खिचडी. दुसरा पोळी-भाजीचा. दोन्ही एकदम शिकायला गेलात तर आठवड्याभरात पुन्हा डबा लावाल. माझं मत आधी कुकरच्या बाजूने आहे. पोळ्या तोवर पोळी-भाजी केंद्रातून आणा, त्यात कमीपणा नाही.

पहिलं कारण मापाचं. 1 वाटी तांदळाला 2 वाट्या पाणी, 1 वाटी तूरडाळीला अडीच ते तीन. डाळ अर्धा तास भिजवा, हळद-हिंग घाला, कुकरच्या तळाशी दीड-दोन पेले पाणी ओता, डाळीचा डबा खाली आणि भाताचा वर, तीन-चार शिट्ट्या. आत दाबामुळे पाणी जवळपास 120 अंशांपर्यंत तापतं, म्हणून उघड्या पातेल्यात तासभर रेंगाळणारी डाळ इथे लवकर शिजते. शिट्ट्यांचा आकडा मात्र दुसऱ्याच्या कुकरवरून घेऊ नका, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते.

पोळीला असं माप नाही. आईला फोन केलात तर ‘अंदाजाने पाणी घाल’ एवढंच ऐकू येईल, आणि ते खरंही आहे, कारण पिठागणिक पाणी बदलतं. कणीक मळा, वीस मिनिटं झाकून ठेवा, लाटा, तव्याची आच सांभाळा. आणि शेवटची पोळी उतरेपर्यंत तिथून हलता येत नाही. कुकरचा गॅस बंद केला की दाब उतरेपर्यंत तुम्ही मोकळे. ज्याला स्वयंपाकघरात उभं राहायचाच कंटाळा आहे, त्याला ही दहा-पंधरा मिनिटं फार मोलाची.

पण खरा फरक कळतो तो बिघडल्यावर. भात गिचका झाला तर दही-मीठ कालवा, वर मिरचीची फोडणी, झाला दहीभात. डाळ कच्ची राहिली तर आणखी दोन शिट्ट्या. घट्ट झाली तर गरम पाणी, आमटी आंबट झाली तर गुळाचा खडा. एकच पथ्य पाळा: चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घाला, आंबटात डाळ शिजायला हटून बसते. फोडणीत मोहरी तडतडू द्या, मग जिरं, हिंग, कढीपत्ता, आणि हळद अगदी शेवटी, नाहीतर जळून कडवट लागते. वातड पोळीचाही कुस्करा होतो, हे मान्य. पण भुकेल्या पोटी कांदा चिरत बसायला लावणारा तो उपाय आहे.

सामानाचं थोडक्यात. एकट्याला 3 लिटरचा कुकर पुरतो. खोलीत इंडक्शन शेगडी असेल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर किंवा तवा तिच्यावर तापणार नाही. इंडक्शनवर चालतो असं लिहिलेलाच घ्या. घडीची पोळी नुसत्या तव्यावर होते, फुलक्याला मात्र ज्वाळ लागते.

कुकरच्या बाजूने सगळंच गोड नाही. ऑफिसच्या डब्यात गार भात कोरडा लागतो, शिवाय उरलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर बाधू शकतो, तो वेळेत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. रोज डबा न्यायचा असेल, भात चालत नसेल, किंवा परदेशात जवळपास पोळ्या मिळतच नसतील, तर पोळीपासून सुरुवात करणं रास्त आहे. भाकरीपासून मात्र नको. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, गरम पाण्यात मळूनही ती थापताना चिरते. लहानपणापासून भाकरीच खाल्ली असेल तर हे ऐकून राग येईल, पण चार आठवडे थांबा.

दोन्ही रस्त्यांना चालेल असं पिठलं मात्र पहिल्याच आठवड्यात शिका. अर्धी वाटी बेसन दोन वाट्या थंड पाण्यात आधी कालवून घ्या म्हणजे गुठळ्या होत नाहीत. कांदा, लसूण, मिरचीच्या फोडणीत ते ओता, मीठ घाला, ढवळत राहा आणि झाकण ठेवून वाफ काढा. भाताबरोबर चालतं, आणलेल्या पोळीबरोबरही. रोजच्या आणलेल्या पोळ्यांचा महिन्याचा हिशोब खटकायला लागला की पोळपाट-लाटणं घ्या, आणि पहिल्या पोळ्या सुट्टीच्या दिवशी, भूक लागायच्या बऱ्याच आधी करायला घ्या.