डीएनए मॉडेल किट: जोड्या झकास, दुरुस्ती गायब

फोंड्याला बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते, म्हणून बाजारातून हे किट घेतलं. डीएनएची अक्षरं (बेस) ए, टी, जी, सी; ए-टीच्या जोडीला दोन खुंट्या, जी-सीला तीन. चुकीची जोडी बसतच नाही. छान! पण पेशीत डीएनएची नक्कल होताना ती अधूनमधून बसते की. साधारण लाखात एकदा. मग डीएनए पॉलिमरेज, म्हणजे नक्कल करणारं विकर, अडखळतं, शेवटचं चुकीचं न्यूक्लिओटाइड (एक अक्षर असलेला डीएनएचा घटक) कापून काढतं आणि योग्य ते लावतं. हेच प्रूफरीडिंग. त्यातूनही निसटलेलं मिसमॅच रिपेअरची, म्हणजे चुकीच्या जोड्या दुरुस्त करणारी, प्रथिनं हेरतात, तेव्हा कुठे चूक अब्जात एकाच्या आसपास येते. खरी गंमत हीच, आणि किटात तिचा पत्ताच नाही. पुठ्ठ्याचा स्टँड आमच्या पावसात वाकला, ते वेगळंच. जोड्या शिकवण्यापुरतं घ्या; प्रूफरीडिंग फळ्यावरच काढावं लागेल. पाचपैकी तीन.