रसायनांच्या संपर्कातील कामगारांसाठी ऑनलाइन सुरक्षा प्रशिक्षण: रबाळ्याच्या कारखान्यातून परीक्षण

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक वसाहतीत सुरक्षा प्रशिक्षण म्हटले की आग विझवण्याचे प्रात्यक्षिक, वीज, उंचीवरचे काम आणि क्रेन हेच विषय पुढे येतात, कारण या अपघातांची नोंद त्याच दिवशी करावी लागते. सॉल्व्हंटची (थिनरसारख्या विरघळवणाऱ्या द्रवाची) वाफ, पावडरची धूळ किंवा कंप्रेसर रूममधला आवाज यांचा हिशेब मात्र कित्येक वर्षांनी समोर येतो आणि तोवर माणूस दुसऱ्या कारखान्यात तरी गेलेला असतो किंवा गावी तरी. या दुसऱ्या प्रकारच्या धोक्यांवरच बेतलेला एक ऑनलाइन अभ्यासक्रम आमच्या रबाळे एमआयडीसीतील रेझिन कारखान्याने एका खासगी संस्थेकडून घेतला. मी सुरक्षा विभागात असल्याने तो आधी स्वतः पूर्ण केला आणि नंतर कायम व कंत्राटी अशा दोन्ही कामगारांकडून करून घेतला. संस्थेचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. असे प्रशिक्षण विकत घेताना काय तपासून पाहावे, एवढेच सांगायचे आहे.

अभ्यासक्रम मोबाइलवर चालतो, मराठी व हिंदी निवेदन उपलब्ध आहे, प्रत्येक प्रकरणानंतर प्रश्न आणि शेवटी प्रमाणपत्र अशी नेहमीची रचना आहे. प्रतिकामगार शुल्क एका हेल्परच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षाही कमी आहे, त्यामुळे किमतीबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही.

वायूंवरचे प्रकरण या अभ्यासक्रमातले सर्वांत चांगले प्रकरण आहे. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो हे आमच्या ईटीपीवरचा (सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरचा) प्रत्येक जण जाणतो, आणि नेमक्या त्याच ज्ञानावर विसंबून तो टाकीत डोकावतो. हवेतील प्रमाण सुमारे १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) गेले की नाक बधिर होते व वास येणे थांबते, म्हणजे वास गेला तो क्षण सुटकेचा नसून सर्वांत घातक असतो, ही गोष्ट येथे एका साध्या आलेखाने अशी समजावली आहे की कामगारांनी ती पुन्हा लावून पाहिली. टाकीतला ऑक्सिजन हटवणाऱ्या नायट्रोजनच्या बाबतीत तर वासाचीही सूचना मिळत नाही. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर बंदिस्त जागेत उतरायचे नाही, आणि आत कोणी कोसळलेला दिसला तरी त्याच्या मागोमाग उडी घ्यायची नाही, हे निवेदक दोनदा सांगतो आणि ते दोनदा सांगणे योग्यच आहे.

सॉल्व्हंटवरच्या प्रकरणातही कामाचा भाग आहे. टोल्युईन या सॉल्व्हंटची हवेतील ८ तासांच्या सरासरीची मर्यादा आपल्याकडे १०० पीपीएम आहे, हा आकडा पाठ करून हेल्परला काही साधत नाही. पण शिफ्ट संपल्यावर थिनरने हात धुण्याची जी सवय या पट्ट्यात सर्रास दिसते, तिच्यामुळे कातडीचे तेल निघून जाते, भेगा पडतात आणि त्या भेगांतून पुढचे रसायन आत शिरायला वाट मिळते, हे चित्रासह दाखवल्यावर आमच्या पॅकिंग विभागातून हातासाठीच्या साबणाची मागणी आली. एखाद्या प्रशिक्षणामुळे स्टोअरकडे नवीन मागणी यावी, याहून चांगली पावती मला माहीत नाही.

आवाजाच्या प्रकरणात मात्र एक गंभीर त्रुटी आहे. आपल्याकडील नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबल ही कमाल मर्यादा आहे, ९५ ला ४ तास आणि १०० ला २ तास. अभ्यासक्रमाने हे कोष्टक बरोबर दिले आहे, परंतु ९० च्या खालचा सारा भाग हिरव्या रंगात रंगवून तो सुरक्षित असल्याचा समज करून दिला आहे. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्था ८ तासांसाठी ८५ डेसिबलचीच शिफारस करते. ८८ डेसिबलमध्ये रोज उभा राहणारा ऑपरेटर हा हिरवा पट्टा पाहून इअरप्लग खिशात ठेवणार, यात शंका नाही. ऐकण्याची ही हानी साधारणपणे ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते, म्हणून सुरुवातीला समोरच्याचे बोलणे बऱ्यापैकी ऐकू येत राहते आणि ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, केल्याशिवाय काही कळत नाही. ऑडिओमेट्रीचा उल्लेखच या प्रकरणात नाही.

संरक्षक साधनांच्या प्रकरणाची ऑनलाइन माध्यमामुळे येणारी मर्यादा मी समजू शकतो. फोमचा इअरप्लग बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर व मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा, ही कृती व्हिडिओत स्वच्छ दिसते. तरीही चाचणीत पूर्ण गुण मिळवलेल्यांना मी प्लग घालायला सांगितले तेव्हा बहुतेकांचे प्लग अर्धे बाहेर होते, दूरून पिवळे टोक दिसेल इतके. रेस्पिरेटरचे तेच: दाढी वाढवलेल्या कामगाराच्या चेहऱ्यावर मास्क घट्ट बसत नाही, हे वाक्य त्याने ऐकले, प्रश्नाचे उत्तर बरोबर दिले आणि दाढीसकट मास्क लावून तो रिअ‍ॅक्टरच्या चार्जिंगला, म्हणजे त्यात रसायने भरायला, गेला. हे मात्र हाताने, माणसासमोर उभे राहूनच शिकवावे लागते आणि त्याचा दोष मी संस्थेला देणार नाही.

दोष द्यायचा तो कार्ट्रिजबद्दल, म्हणजे मास्कला लावायच्या, वाफ शोषून घेणाऱ्या डबीबद्दल. आमच्याकडे मास्क शिफ्टनंतर ड्रमयार्डच्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगले जात असत. कार्ट्रिजमधला कोळसा माणूस श्वास घेत असो वा नसो, आजूबाजूची वाफ शोषतच राहतो, म्हणून मास्क हवाबंद पिशवीत ठेवायचा आणि कार्ट्रिज उघडल्याची तारीख त्यावर लिहायची. एवढी साधी व बिनखर्चाची सूचना संपूर्ण प्रकरणात कुठेही नाही; वास येऊ लागला की कार्ट्रिज बदला, एवढेच सांगितले आहे. ज्या वाफेचा वास येतच नाही किंवा फार उशिरा येतो, तिच्या बाबतीत हा सल्ला धोक्याचा आहे.

याहून मोठा आक्षेप अभ्यासक्रमाच्या एकूण दृष्टीवर आहे. धोका मुळात काढून टाकणे, पर्यायी रसायन वापरणे, यंत्रणेने वाफ खेचून घेणे, कामाची पद्धत बदलणे आणि सर्वांत शेवटी मास्क, हा क्रम एका पडद्यावर दिला आहे, आणि पुढची सगळी प्रकरणे त्या शेवटच्या पायरीवरच खर्च झाली आहेत. लोकल एक्झॉस्टच्या, म्हणजे वाफ जागेवरच खेचून घेणाऱ्या पाइपच्या, हूडपासून त्याच्या व्यासाइतके दूर गेले की खेच जेमतेम दहाव्या हिश्शावर येते, त्यामुळे हूड मॅनहोलपासून (रिअ‍ॅक्टरच्या तोंडापासून) हातभर लांब असेल तर तो चालू असून नसल्यासारखाच असतो. हे चार्जिंग करणाऱ्याला सांगितले, तर हूड जवळ आणून द्या असे तो स्वतः सुपरवायझरला म्हणू शकेल. येथे त्याला फक्त स्वतः सावध राहायला शिकवले आहे.

कायद्याच्या प्रकरणातही तोच कल दिसतो. कामगाराची कर्तव्ये सविस्तर आहेत आणि हक्कांची बोळवण दोन ओळींत केली आहे. डिसेंबर १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात जी कलमे घातली गेली, त्यांपैकी ४१-बी प्रमाणे धोक्यांची व त्यावरील उपायांची माहिती कामगारांना देणे भोगवटादारावर, म्हणजे कारखान्याचा ताबा असणाऱ्यावर, बंधनकारक झाले. ४१-सी ने कामावर घेण्यापूर्वी, काम चालू असताना जास्तीत जास्त १२ महिन्यांच्या अंतराने आणि काम सोडल्यानंतरही वैद्यकीय तपासणीची, तसेच आरोग्याच्या नोंदी कामगाराला पाहता येण्याची तरतूद केली. १११-ए ने तर आरोग्य व सुरक्षेचे प्रशिक्षण मिळणे हाच कामगाराचा हक्क ठरवला. आपली स्पायरोमेट्रीची (फुप्फुसांच्या क्षमतेच्या चाचणीची) नोंद मागता येते, हे आमच्याकडील जुन्या ऑपरेटरांनाही ठाऊक नव्हते आणि हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरही ठाऊक झाले नाही. शिवाय या अधिनियमाची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली असताना तिचे नावही या प्रकरणात नाही. विकत दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाकडून एवढी अद्ययावतता अपेक्षित धरणे वावगे नाही.

व्यवस्थेच्या बाबतीत लॉगिनसाठी प्रत्येकाचा स्वतंत्र मोबाइल क्रमांक लागतो, आणि कंत्राटी हेल्परचा क्रमांक ठेकेदाराकडे नोंदवलेला एक व हातातला दुसरा असतो. चाचणीचे प्रश्न दर वेळी त्याच क्रमाने येतात, त्यामुळे उत्तरांचा फोटो एका दुपारीत व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वत्र पोहोचला. पावडरच्या पिशव्या फोडणारा, टाकी धुणारा, सर्वाधिक संपर्कात येणारा माणूस अशा रीतीने काहीही न पाहता उत्तीर्ण होतो. ऑडिटला दाखवायला मात्र त्याचे प्रमाणपत्र फाइलमध्ये असते.

माझे मत असे की पर्यवेक्षक, शिफ्ट केमिस्ट आणि नवीन ऑपरेटर यांच्यासाठी हा अभ्यासक्रम घेण्यासारखा आहे. वायूंचे एक प्रकरणच पैसे वसूल करून देते. हेल्परांना मात्र स्वतंत्र लॉगिन देऊ नयेत. ट्रेनिंग रूममध्ये मोठ्या पडद्यावर प्रकरण लावावे, मध्येच थांबवून मास्क व प्लग हातात द्यावेत आणि ज्याचे त्याने लावून दाखवल्यावरच पुढे जावे. ज्यांना पूर्ण प्रत्यक्ष प्रशिक्षण हवे आहे त्यांच्यासाठी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय बेलापूरलाच आहे. टीटीसीतल्या कारखान्यांना ते लांब नाही, अडचण असते ती माणसे कामावरून सोडण्याची.

नूतनीकरणाच्या पत्रात आम्ही आवाजाचे कोष्टक सुधारण्याची, कार्ट्रिज साठवण्याची माहिती घालण्याची आणि प्रश्नांचा क्रम दर वेळी बदलण्याची मागणी केली आहे. उत्तर येईपर्यंत नवीन लॉगिन फक्त पर्यवेक्षकांसाठी घेतले आहेत.