बॅटरी बदलली, अल्टरनेटर ‘बदलला’, आणि बिघाड तिसरीकडेच होता

सकाळी सेल्फ मारला की टकटक आवाज यायचा आणि इंजिन जडपणे फिरायचं. दोनदा धक्का मारून गाडी चालू केली आणि शेवटी गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकने बॅटरीला टेस्टर लावला, स्लिप काढून हातात दिली. ‘बॅटरी बदला’ असं त्यावर छापलेलंच होतं, मग मी शंका तरी कशी घेणार? नवी बसवून घेतली. जुनी त्याने ठेवून घेतली.

पंधरवड्याने पुन्हा तेच. या वेळी त्याने इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला: 13.2 व्होल्ट. “ताई, चौदाच्या वर पाहिजे. डायनामो गेलाय,” म्हणाला. डायनामो म्हणजे अल्टरनेटर, इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारा भाग. वर चालू इंजिनवरच बॅटरीचं टर्मिनल उपसून काढलं. इंजिन बंद पडलं. “बघितलंत?” डोळ्यांसमोर झालेलं म्हणून मला पटलं. असं कोणी करू लागलं तर त्याला लगेच थांबवा. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि चांगला अल्टरनेटर किंवा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्यानेच जळू शकतो.

अल्टरनेटरचे पैसे भरले, तरी आठवड्याने गाडी परत उभी. मग दुसऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्याने काहीही उघडण्याआधी हेडलाइट आणि ब्लोअर चालू करून तीन ठिकाणी मीटर लावला. अल्टरनेटरच्या पाठीमागचा जाड बोल्ट आणि त्याचीच बॉडी यांच्यात 14.3. बॅटरीवर 13.2. मग एक टोक इंजिनच्या धातूवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर लावलं, तर 0.9 व्होल्ट. हा आकडा, म्हणजे वाटेत हरवणारं व्होल्टेज, 0.2 च्या आत हवा. म्हणजे वीज नीट तयार होत होती, पण बॅटरीपर्यंत पूर्ण पोचत नव्हती. सेल्फचा करंट तर त्याहून कितीतरी मोठा, म्हणून सुरू करताना घट आणखी वाढायची. इंजिनपासून चॅसीला जाणारी अर्थिंगची विणलेली पट्टी बोल्टपाशी हिरवी पडून अर्धी तुटली होती. ती बदलल्यावर बॅटरीवर 14.2 आलं.

एवढ्यावर मी म्हटलं असतं की पहिल्याला बिघाड समजला नाही. न समजणं आणि फसवणं यांत फरक आहे. पण दुसऱ्याने टॉर्च मारून ‘नवा’ अल्टरनेटर दाखवला. चंदेरी रंगाखाली पाठच्या जाळीची एक पट्टी तुटलेली होती, आणि ती माझ्या जुन्याचीच खूण. बेल्ट बदलताना मी ती पाहिली होती. म्हणजे जुनाच घासून, रंगवून परत बसवला होता. मग स्लिपही नीट वाचली. बॅटरीच्या लेबलवर सीसीए (थंडीत गाडी सुरू करायला बॅटरी किती करंट देऊ शकते, त्याचं रेटिंग) 400 आणि टेस्टरमध्ये भरलेला आकडा 600! रेटिंग जास्त भरलं की धडधाकट बॅटरीही टेस्टरला कमजोर दिसते. हे मुद्दाम केलं की चुकून, ते मी सिद्ध करू शकत नाही. अल्टरनेटरचं मात्र सिद्ध आहे. जाब विचारला तर उत्तर मिळालं, “रीकंडिशन्ड असंच येतं.” बिलावर ‘नवा’ लिहिलेलं होतं.

गॅरेजला जाण्याआधी साधा मल्टिमीटर घेऊन स्वतः बघा. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर 12.6 च्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली घसरली तर बॅटरीवर संशय घ्या, पण ती आधी पूर्ण चार्ज केलेली असेल तरच. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 मिळतं. काही नव्या गाड्या कॉम्प्युटरवरून हे कमी-जास्त करतात, म्हणून एकाच आकड्यावरून अल्टरनेटर बदलायला होकार देऊ नका. आणि काम सुरू होण्याआधी जुन्या पार्टचा, त्यावरच्या नंबरासकट, फोटो काढा आणि तो पार्ट परत हवा म्हणून आधीच सांगा. मी सांगितलं नव्हतं. त्या तुटक्या जाळीवर माझी नजर पूर्वी पडली नसती, तर आज हे लिहायला माझ्याकडे काहीच पुरावा नसता.