शंभर फेऱ्यांना १८५ सेकंद: दहा महिन्यांनंतरचा टर्नटेबल

या टर्नटेबलचा, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा, आवाज चांगला आहे, दिसायला देखणा आहे, सुईबद्दल तक्रार नाही. बाकी माहिती खोक्यावर छापलेली असतेच. मला बोलायचंय ते वेगाबद्दल, कारण गेले चार महिने आमच्या घरात दुसरा विषय नाही.

सुरुवात पेटीपासून झाली. वडिलांच्या एलपी लावायच्या आणि सोबत पेटीवर सूर धरायचा, हा माझा रविवारचा उद्योग. जानेवारीत लक्षात आलं की सिनेमाच्या गाण्यांचा सूर ना काळी एकला लागतोय ना पांढरी एकला, मधेच लोंबकळतोय. बायको म्हणाली, "तुमची पेटीच उतरली असंल." फोनवरच्या तानपुऱ्याशी पेटी ताडून पाहिली. पेटी ठीक होती.

मग एलपीच्या कडेवर कागदाची चिठ्ठी चिकटवली, सुई टेकवली (सुईचा भार असतानाच मोजायचं) आणि फेऱ्या मोजल्या. ३३⅓ चा वेग (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) म्हणजे शंभर फेऱ्यांना बरोबर तीन मिनिटं. माझ्या मशीनला १८५ सेकंद लागले. फोन थाळीवर ठेवून ॲपनं पाहिलं, तर ३२.४. वीस मिनिटांची बाजू अर्धा मिनिट जास्त चालते, हे कुणाच्या ध्यानात येणार नाही. पण सूर जवळजवळ पाव स्वर उतरतो, आणि तो मात्र कानाला टोचतो.

हेल्पलाइनवरच्या पोरानं सांगितलं, "सर, खोक्यातली वेग तपासायची रेघांची तबकडी थाळीवर ठेवा आणि रेघा स्थिर दिसेपर्यंत ॲडजस्ट करा." आमच्या एलईडी ट्यूबखाली रेघा दिसेचनात, नुसता राखाडी गोळा. ही ट्यूब लुकलुकत नाही, म्हणून. माळ्यावरून जुना साठचा पिवळा बल्ब काढला, तर रेघा भरधाव पळत होत्या. शेवटी पोरीला शंभर रुपये देऊन रेघा मोजायला बसवलं. निघाल्या २१६!

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे बल्ब सेकंदाला शंभरदा उजळतो. दर उजेडाला एक रेघ बरोबर पुढच्या रेघेच्या जागी पोचली, तर रेघा थांबल्यासारख्या दिसतात. त्याखाली ३३⅓ ला १८० रेघा स्थिर दिसतात. २१६ ची तबकडी अमेरिकेसारख्या ६० हर्ट्झवाल्या देशांची. त्या पोराचं ऐकलं असतं तर रेघा स्थिर झाल्या असत्या पावणेअठ्ठावीस फेऱ्यांना, आणि बाई गायल्या असत्या बाप्यासारख्या. हे मी तीनदा फोन करून समजावलं. तिन्ही वेळा "नोट केलंय सर."

वॉरंटी होती. पण मशीन पुण्याला पाठवायचं, तेही स्वखर्चानं आणि मूळ खोक्यातच. जगात जर्मनी, देशात परभणी म्हणतात, पण कंपनीच्या पिकअपच्या यादीत परभणी नाही. आणि मूळ खोक्यात आमच्या कुरडया आहेत.

तेव्हा म्हटलं, स्वतःच बघू. थाळी आणि पुलीची कड स्पिरिटनं पुसली, थाळी फिरवणारा पट्टा पालथा करून पाहिला, तडा नव्हता. मशीन उलटं केलं तर मोटरच्या खाली दोन बारीक भोकं, आत दोन स्क्रू: एक ३३ चा, एक ४५ चा. झेरॉक्सवाल्याकडून १८० रेघांचा कागद काढून आणला, दहा रुपये. वीस रुपयांच्या पेचकसानं केसाएवढं फिरवलं. रेघा थांबल्या. त्या रात्री मी या मशीनला पाचपैकी पाच देणार होतो.

सकाळी सहज मोजलं. १७७ सेकंद! आता उलट जास्तच जोरात पळत होतं. दोन दिवस मोटरला शिव्या दिल्या. मग आठवलं, त्या संध्याकाळी लाइट गेली होती आणि बल्ब इन्व्हर्टरवर होता. आमचं जुनाट इन्व्हर्टर ५० च्या जरा वर चालतं, त्यामुळं बल्बच खोटं सांगत होता. मशीन मात्र डीसी मोटरचं, त्याला विजेच्या हर्ट्झशी देणंघेणं नाही. (एसी सिंक्रोनस मोटरवाल्यांचं वेगळं, त्यांची थाळीच इन्व्हर्टरच्या तालावर नाचेल.) म्हणजे दोन दिवसांच्या शिव्या मोटरकडून परत घ्याव्या लागल्या.

सरकारी लाइटीवर, मशीन दहा मिनिटं गरम होऊ देऊन, पुन्हा लावलं. १८०. आता सिनेमाची गाणी पेटीला चपखल बसतात. ख्यालाच्या दोन एलपी अजूनही बसत नाहीत, पण तो मशीनचा दोष नाही. त्या गायकांचा तानपुरा माझ्या पेटीला बांधील नव्हता.

मे महिन्यातली भर: ४३ अंशांत पट्टा सैलावला, शंभर फेऱ्यांना १८२ लागले. नवा पट्टा साडेतीनशेला मिळाला, स्क्रू पुन्हा केसभर हलवावा लागला. पाचातले साडेतीन देतो. कापलेला दीड मशीनचा नाही, त्या २१६ रेघांचा.

४५ चा स्क्रू अजून हलवलेला नाही. ४५ च्या माझ्याकडं दोनच रेकॉर्डी, त्यातली एक उन्हानं वाकलेली.