दोन टीबीच्या डबीत चौसष्ट जीबीचं कार्ड

२०२४च्या भाद्रपदात आईचं वर्षश्राद्ध होतं. सगळे ठाण्याला, चरईत आमच्याकडेच जमणार होते. जेवणं झाली की आईच्या ओव्या टीव्हीवर लावू, असं मी दादाला फोनवर कबूल केलं होतं. २०१७ साली वाईजवळच्या आमच्या गावी ती जात्यावर बसली असताना मी फोनवर बावीस मिनिटांचा व्हिडिओ घेतला होता. तो फोन केव्हाच बाद झाला, पण व्हिडिओ डिस्कवर जपून ठेवलाय या भरवशावर मी निश्चिंत होते.

आदल्या रात्री डिस्क लॅपटॉपला लावली. फाइल जागेवर होती. नाव बरोबर, तारीख बरोबर, आकार २.७ जीबी. क्लिक केलं, तर फाइल चालवता येत नाही असा संदेश आला. दुसरा प्लेअर घेतला, तेच. मग शेजारचे व्हिडिओ उघडून पाहिले. यादीतले सुरुवातीचे व्यवस्थित लागले, पुढचे एकही नाही. फोटोंची फोल्डर उघडली तर काही रिकामी आणि काहींत फाइलींच्या नावाच्या जागी नुसते चौकोन आणि चिन्हं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ऐरोलीला कंपनीत नोकरी करणाऱ्या भाच्याला मी तेवढ्या रात्री फोन केला.

"मावशी, डिस्क काढ आणि बाजूला ठेव. तिच्यावर काही कॉपी करू नकोस, रिपेअर करू का विचारलं तर नाही म्हण," एवढंच तो म्हणाला. सकाळी भटजींच्या आधी तो हजर होता.

ही डिस्क मी त्याच वर्षी जानेवारीत एका मोठ्या ऑनलाइन बाजारातून घेतली होती. बाजार मोठा, पण विकणारा त्यातला कुणी तिसराच. पोर्टेबल एसएसडी (म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपांवर साठवणारी डिस्क), दोन टीबी म्हणजे दोन हजार जीबी, १,८९९ रुपये. त्या सुमारास नावाजलेल्या कंपन्यांची दोन टीबीची एसएसडी दहा हजारांच्या घरात किंवा त्याहून वर होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. सेलचा भाव असेल असं वाटलं. गुगल फोटोजवरची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ला बंद झाली, त्यानंतर १५ जीबीत आमचं भागेना. फोन सारखा भरायचा, जुना लॅपटॉप कुरकुरायचा. सोळा वर्षांचे फोटो आणि व्हिडिओ मिळून २८० जीबी झालं होतं. ते एकदा एका जागी सुरक्षित ठेवायचं होतं.

वस्तू घरी आली तेव्हा मी तपासली नाही, असं कुणी म्हणू नये. दोन टीबीची डिस्क विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसते हे मी वाचलं होतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४च्या, म्हणून तो फरक. ही डिस्क लावली तर बरोबर १.८१ दिसली आणि माझी खात्री पटली. डबी धातूची, हाताला जड. कॉपीला रात्रभर लावली, सकाळी सगळं पूर्ण झालं होतं. एकदाही अडखळली नाही. मी पहिले चार-पाच व्हिडिओ लावून पाहिले, उत्तम चालले. महिन्याभरानं जुन्या लॅपटॉपमधलं सगळं पुसलं, विंडोज नव्यानं टाकून घेतलं आणि तो अकरावीत गेलेल्या पुतणीला दिला.

श्राद्धाच्या दिवशी दुपारी, पानं उठल्यावर, भाच्यानं ओव्यांची ती फाइल अशा एका प्रोग्रॅममध्ये उघडली ज्यात फाइलच्या आत लिहिलेले आकडे जसेच्या तसे दिसतात. पडदाभर शून्यं होती. दोन-दोनच्या जोडीनं, ओळीमागून ओळी. तो खाली सरकवत गेला. शून्यं. मधोमध गेला, शेवटाला गेला. २.७ जीबी शून्यं. दादा मागे उभा राहून पाहत होता. त्याला काही कळेना, तो म्हणाला, "यात आई कुठंय?"

चांगली चाललेली ५९ जीबी भाच्यानं आधी दुसरीकडे काढून घेतली आणि मग डबी उघडली. स्क्रू नव्हतेच, दोन खाचा होत्या. आत बोटाच्या पेराएवढी हिरवी पट्टी होती आणि तिच्या खाचेत मोबाइलमध्ये घालतात तसलं मेमरी कार्ड. ते निघू नये म्हणून ग्लू गनच्या गोंदानं चिकटवलेलं. डबीचा बाकी भाग मोकळा, आणि वजन वाटावं म्हणून तळाला एक लोखंडी पट्टी चिकटवलेली. कार्डावर कंपनीचं नाव नव्हतं, ६४ जीबी एवढंच छापलेलं होतं.

ही लबाडी चालते कशी, ते नीट समजून घ्या, कारण नुसतं "स्वस्तातलं घेऊ नका" म्हणून भागत नाही. डिस्क किती मोठी आहे हे कॉम्प्युटर स्वतः मोजत नाही. तो डिस्कमधल्या कंट्रोलरला, म्हणजे तिचं काम चालवणाऱ्या चिपला, विचारतो आणि कंट्रोलर सांगेल तो आकडा पडद्यावर दाखवतो. असल्या डिस्क बनवणाऱ्या लोकांनी कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्येच दोन टीबीचा आकडा भरलेला असतो. खरी जागा संपली की पुढचा मजकूर तो "घेतला" म्हणून सांगतो आणि टाकून देतो. काही नगांत तर नवा मजकूर जुन्याच्याच डोक्यावर लिहिला जातो, म्हणजे आधीचंही जातं. फाइलींची नावं, तारखा आणि आकार मात्र वेगळ्या नोंदीत असतात. ती नोंद सुरुवातीच्या खऱ्या जागेत पडली असली की यादी भरगच्च दिसते. घरातल्या डब्यांवर हळद, तिखट, जिरं अशा चिठ्ठ्या आहेत आणि आत काहीच नाही, असं ते असतं. हीच गोष्ट पेनड्राइव्हच्या आणि मेमरी कार्डांच्या बाबतीतही होते.

आणि म्हणूनच त्या वस्तूखाली शेकड्यांनी चांगले अभिप्राय होते. मी ते पुन्हा एकेक करून वाचले. "छान आहे, दोन टीबी दाखवते", "दुसऱ्या दिवशी मिळाली", "वजनदार आहे". सगळे पहिल्या आठवड्यातले. साठ जीबीच्या पुढे जाईपर्यंत कुणालाच काही जाणवत नाही, आणि परत करायची मुदत सात दिवसांची. मला कळायला आठ महिने लागले. त्या लोकांनी खोटे अभिप्राय लिहून घेतले असतीलही, पण माझ्यासारख्या कित्येकांनी तर अगदी खरेपणानं चांगलं लिहिलं असणार. मीसुद्धा चार तारे दिले होते. ते मी आता काढलेत.

नौपाड्यात डेटा परत काढून देणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे ती पट्टी घेऊन गेले. दहा मिनिटं त्यांनी पाहिली आणि माझ्याकडे परत सरकवली. "ताई, पुसलेलं असेल तर मी आणून देतो. इथं लिहिलंच गेलेलं नाही. जे कधी नव्हतंच ते कुठून काढू?" त्यांनी पैसे घेतले नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण अशा डिस्कमधून सगळं काढून देतो म्हणून हजारो रुपये आगाऊ मागणारे मला याच शोधात दोघं भेटले. एकानं वस्तू न बघता फोनवरच नव्वद टक्क्यांची हमी दिली होती.

नौपाड्यातल्या त्या गृहस्थांनीच पुतणीचा लॅपटॉप आणायला सांगितलं. त्यात जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क होती हे नशीब. तीवर पुसलेल्या जागेत नवं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं राहतं. एसएसडी असती तर पुसल्यावर थोड्याच वेळात तेही गेलं असतं. फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्रॅम रात्रभर चालवून सुमारे तेराशे फोटो निघाले. नावं गेली, तारखांची फोल्डरं गेली, सगळ्यांना एफनं सुरू होणारे लांबलचक आकडे. आम्ही अजून ते लावतोय. मुळात साधारण अकरा हजार फोटो होते. व्हिडिओ एकही धड निघाला नाही.

आता तक्रारीचं. बाजाराच्या ग्राहक सेवेनं पहिल्या दिवशी सांगितलं, परतीची मुदत संपली, विक्रेत्याशी बोला. विक्रेत्याचं पान तोवर गायब. मी त्याचं नाव-पत्ता जपून ठेवला नव्हता, आणि ही माझी खरी चूक. ई-कॉमर्सचे २०२०चे नियम आहेत, त्यांत विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि संपर्क दाखवणं बाजाराला बंधनकारक आहे. बाजारानं नेमलेल्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. हे नियम दाखवून तक्रार अधिकाऱ्याला लेखी पत्र पाठवलं, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, तेव्हा कुठं माणसानं फोन केला. त्यांनी १,८९९ रुपये परत दिले आणि प्रकरण मिटल्याचं कळवायला सांगितलं. मी कळवलेलं नाही. २०१९च्या ग्राहक कायद्यानं आपण जिथं राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. ठाण्याच्या आयोगासाठी कागद तयार केलेत. गोंदासकट ती डबी, बिल आणि त्या शून्यांचे फोटो एका पिशवीत ठेवलेत. पैसे परत मिळाल्यावर आता कशाला, असं आमच्याच घरात दोघं म्हणाले. मला ते पटत नाही. तीच डबी दुसऱ्या नावाखाली आजही तिथं विकायला आहे, फोटोतला हातसुद्धा तोच.

तुमच्या घरी अशी डिस्क, पेनड्राइव्ह किंवा कार्ड असेल तर आजच यादीतल्या शेवटच्या फाइली उघडून पाहा, पहिल्या नव्हे. नवी घेतली असेल तर ती रिकामी असतानाच पूर्ण भरून तपासा. विंडोजसाठी एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकसाठी एफ३, हे दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत. ते डिस्क काठोकाठ ओळखीच्या मजकुरानं भरतात, मग परत वाचून ताडून बघतात. तपासायला वेळ लागतो, पण परतीच्या सात दिवसांत सहज होतं. खरेदी करतानाच विक्रेत्याच्या पत्त्याचा स्क्रीनशॉट घ्या. आणि तपासून झाल्यावरसुद्धा जुन्या जागेवरचं पुसू नका, निदान दुसरी प्रत होईपर्यंत तरी.

माझ्या मामेबहिणीला साताऱ्यात तिच्या फोनवर ओव्यांचा एक तुकडा सापडला. तेव्हा मीच तिला व्हॉट्सॲपवर पाठवला होता, एक मिनिट पन्नास सेकंदांचा, पुसटसा. दिवाळीआधी दुकानातून बिलासकट एक टीबीची हार्ड डिस्क आणली. रविवारी सकाळी भाच्यानं ती तपासायला लावली. दुपारी चारला सगळं त्रुटीविना पूर्ण झाल्याची ओळ आली. मग आईचा तो तुकडा पहिल्यांदा तिच्यावर घातला, तिथून परत उघडून शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकला आणि दुसरी प्रत दादाबरोबर डोंबिवलीला पाठवली.