रायडर-वेट टॅरोचा कॅट: नऊ महिने, रोज एक पान

गेल्या दिवाळीनंतर मी रायडर-वेट टॅरोचा, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांचा, कॅट घेतला. आता आषाढ चालू आहे. रोज सकाळी चहाआधी एक पान काढायचं, दहा मिनिटं नुसतं बघायचं आणि वहीत पानभर लिहायचं, हा नेम चार-पाच खाडे सोडले तर पाळला. तिसरी वही संपत आली आहे. भविष्य मात्र एकदाही विचारलं नाही. त्यामुळे 'खरं ठरतं का हो?' याचं उत्तर माझ्याकडे नाही. स्वतःकडे नीट बघायला या चित्रांचा उपयोग होतो का, एवढंच मी सांगू शकते. माझ्यापुरता झाला, आणि खूप झाला.

घेण्याचं कारण तसं कडवट होतं. एका टॅरो वाचणाऱ्या बाईंनी मला तलवारींची दोन पानं दाखवून घाबरवलं आणि उपाय म्हणून महागडा विधी सुचवला. तो मी केला नाही, पण ती चित्रं काही डोक्यातून जाईनात. भीती त्यांच्या बोलण्यात होती, चित्रांत नव्हती. म्हणून ठरवलं, चित्रं आपणच बघायची.

आधी वस्तूबद्दल. पानं 7 सेंटिमीटर रुंद आणि 12 सेंटिमीटर लांब आहेत, रमीच्या पानांपेक्षा बरीच मोठी. 78 पानं माझ्या हातात पिसता येत नाहीत, टेबलावर पसरून कालवावी लागतात. पावसाळा लागल्यापासून ती एकमेकांना चिकटतात, म्हणून सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवते. कोपरे थोडे झिजलेत, रंग मात्र जसेच्या तसे आहेत. सोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक पानाचा अर्थ दोन-तीन ओळींत उरकला आहे. ती मी पहिल्याच महिन्यात बाजूला ठेवली. अर्थ आधी वाचला की डोळे चित्रावर थांबतच नाहीत.

आणि चित्रं थांबून बघण्यासारखीच आहेत. ती काढली पामेला कोलमन स्मिथ हिने. गूढविद्येचे अभ्यासक ए. ई. वेट यांनी तिच्याकडून ती करून घेतली आणि 1909 साली लंडनच्या रायडर कंपनीने छापली. कॅटच्या नावात प्रकाशक आला, वेट आले, बाईचं नाव मात्र गळलं. तिने त्याच वर्षी एका पत्रात लिहिलं होतं की काम मोठं होतं आणि पैसे फारच थोडे मिळाले. 1951 मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या ब्यूड या गावी ती वारली, तेव्हा हलाखीतच होती. पानाच्या खालच्या भागात सापासारखी वळणं घेतलेली तिची सही असते. मी हल्ली पान उचललं की आधी ती सही शोधते. याआधीच्या बहुतेक कॅटांमध्ये छोट्या पानांवर (चार रंगांच्या एक्का ते दश्शी अशा 40 पानांवर) नुसते पाच पेले किंवा सात नाणी असत. हिने त्यातल्या बहुतेक पानांवर माणसं आणली, त्यांची घरं, भांडणं, झोप, एकटेपण आणलं. माझ्यासारखीला धरून ठेवलं ते याच पानांनी.

आता कबाला या यहुदी गूढ परंपरेबद्दल, कारण सगळ्या कॅटांमधून याच कॅटकडे मला ओढलं ते त्यानेच. सुरुवातीला मी समजत होते की टॅरो म्हणजे प्राचीन यहुदी गूढविद्याच चित्रांत उतरली आहे. तसं नाही. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून आला. कबाला ही त्याहून जुनी, वेगळी परंपरा आहे. तिचा मुख्य ग्रंथ झोहर तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पुढे आला. टॅरोची 22 मोठी पानं आणि हिब्रूची 22 अक्षरं यांची सांगड फ्रान्समध्ये 1781 साली पहिल्यांदा छापून आली, मग एलिफास लेवी या फ्रेंच गूढवाद्याने एकोणिसाव्या शतकात ती रुजवली, आणि लंडनच्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने तिची पद्धतशीर मांडणी केली. वेट आणि स्मिथ दोघंही त्या मंडळात होते. लेवीची जुळणी आणि गोल्डन डॉनची जुळणी सारखी नाही, यावरूनच कळतं की ही माणसांनी विचार करून बसवलेली घडी आहे. अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी, घरातली माझी एक मैत्रीण मला म्हणाली, "आमच्याकडे एलियाहू हनाबीचा मलिदा असतो, पत्ते नसतात." मलिदा म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने करायचा गोड पोह्यांचा प्रसाद. तिचं हे बोलणं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. दुसऱ्यांच्या उपासनेतून आपण काहीतरी उसनं घेतोय, हे विसरायचं नाही.

एवढं समजूनही सेफिरोतचा वृक्ष मला सोडवेना. दहा सेफिरोत, म्हणजे ईश्वरी तत्त्व प्रकट होण्याचे दहा प्रकार, झाडासारख्या आकृतीत मांडलेले. त्यातले तीन मी रोजच्या कामाला लावले. उजवीकडे हेसेद, म्हणजे भरभरून देणं. डावीकडे गेवुरा, म्हणजे आवर, मर्यादा, नकार. मध्ये तिफेरेत, जिथे दोघांचा मेळ बसतो. रविवारी या तीन जागांवर तीन पानं ठेवते. पहिले कित्येक रविवार गेवुराच्या जागेपुढे माझी वही कोरी राहिली. उजव्या बाजूला दीड-दोन पानं लिहून व्हायची, कोणासाठी काय केलं, कोण येऊन राहिलं, कोणाला पैसे दिले. डावीकडे पान कोणतंही येवो, लिहायला काही नसायचं. मी वर्षानुवर्षं कोणाला नाही म्हटलंच नव्हतं. कबालात गेवुराला दुष्ट मानत नाहीत, तीही त्याच वृक्षाची फांदी आहे. हे वाचून मला जो दिलासा मिळाला तो शब्दांत सांगणं अवघड आहे. होळीच्या सुमारास एका नातेवाइकाला पहिल्यांदा पैशाला नाही म्हटलं. हात थरथरत होता, पण फोन ठेवल्यावर रडू आलं नाही.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या आदिबंधांची, म्हणजे सगळ्यांच्या मनात खोलवर असणाऱ्या प्रतिमांची, भाषा मी जपून वापरते. प्रत्येक पानाला 'माता', 'छाया' अशी लेबलं लावली की चित्र मरतं. पण मुख्य पुजारिणीचं पान बघताना युंग आठवतोच. तिच्या मागे डाळिंबांचा पडदा आहे, आणि ती डाळिंबं वृक्षातल्या सेफिरोतच्या जागी काढली आहेत. 1944 साली हृदयविकाराच्या झटक्यानंतर युंगला जी दर्शनं झाली, त्यात तो डाळिंबांच्या बागेत होता आणि तिथे तिफेरेत आणि मल्खुत या दोन सेफिरोतचं लग्न लागत होतं. 'डाळिंबांची बाग' हेच नाव गॅलिलीतल्या सफेद या गावच्या मोशे कोर्दोवेरोने सोळाव्या शतकात आपल्या कबालाच्या ग्रंथाला दिलं होतं. हे समजल्या दिवसापासून ते पान माझ्या देवघराशेजारच्या फळीवर उभं आहे. सासूबाईंनीही काही म्हटलं नाही. मृत्यूचं पान मात्र त्यांना घरात नको असतं, म्हणून ते मी डब्यात उलटं ठेवते.

सगळ्यात जास्त वेळा आली ती नाण्यांची दश्शी. नऊ महिन्यांत अकरा वेळा. भरलेलं घर, कमानीखाली बोलत उभं जोडपं, त्यांच्याआडून डोकावणारं पोर. कमानीबाहेर एक म्हातारा बसलेला, अंगात द्राक्षांची नक्षी असलेला झगा, समोर दोन कुत्री. आणि या सगळ्यावर दहा नाणी तरंगतायत, थेट सेफिरोतच्या वृक्षाच्या आकारात, ती मात्र चित्रातल्या कोणालाच दिसत नाहीत. दहावी जागा मल्खुतची, म्हणजे हे आपलं रोजचं जग. पहिल्या आठ वेळा मी समृद्धी, वारसा, कुटुंब असलं काहीबाही लिहिलं. नवव्यांदा म्हाताऱ्याकडे बघताना माझी नजर दारातून गॅलरीत गेली. तिथे बाबा आरामखुर्चीत बसले होते, आत आमचं सगळ्यांचं बोलणं चाललं होतं.

त्या दिवसापासून मी चहा गॅलरीत घेते. बाबा सावंतवाडीचे. पानं बघून त्यांना गंजिफा आठवली, लाखेचं काम केलेली गोल पानं, दशावतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा अशी 120 पानं. मत्स्य, कूर्म, वराह करत त्यांनी सगळे रंग बोटांवर मोजून दाखवले. आता सकाळचं पान तेच काढतात. परवा पुन्हा दश्शी आली. चष्मा वर करून त्यांनी ती बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "घरातल्यांना पत्ता नाही, पण कुत्र्यांनी ओळखलंय बघ म्हाताऱ्याला. आणि त्या पोराने."