लांब पल्ल्याचे प्रायोगिक विमान: इंधन एका टाकीत ओढावे की कॉक फिरवून टाकी बदलावी?

बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रकामावर हात बसलेला माणूस किटचे, म्हणजे सुट्या भागांतून स्वतः जोडायचे प्रायोगिक विमान हाती घेतो, तेव्हा जादा टाकी कुठे बसवावी याचाच विचार आधी करतो. माझ्या मते त्याआधी ठरवायला हवे ते त्या टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत कोणत्या वाटेने जाणार, हे.

एका रचनेत प्रत्येक टाकी थेट कॉकला, म्हणजे कोणत्या टाकीतले इंधन घ्यायचे ते ठरवणाऱ्या तोटीला, जोडलेली असते आणि वैमानिक ठरावीक वेळाने टाकी बदलतो. भाग कमी, वजन कमी. मात्र सगळी भिस्त हातावर. १९९७ मध्ये गायक जॉन डेन्व्हर ज्या लाँग-ईझी विमानाच्या अपघातात गेले, त्यात कॉक वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवलेला होता आणि तो फिरवायला अंग वळवावे लागत असे. दुसरी गोम परतीच्या नळीची आहे: काही इंजिने उरलेले पेट्रोल टाकीकडे परत पाठवतात, आणि ही नळी कायम एकाच टाकीत सोडली असेल तर इंजिन दुसऱ्या टाकीवर असताना भरलेली पहिली टाकी व्हेंटमधून, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या वाटेतून, वाहू लागते.

दुसऱ्या रचनेत जादा टाकीतले इंधन पंपाने मुख्य टाकीत ओढले जाते आणि इंजिन फक्त मुख्य टाकीतूनच घेते. येथे भीती पंपाची. १९८६ मध्ये १७ टाक्या घेऊन, वाटेत इंधन न भरता, नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘व्हॉयेजर’ विमानाचे मागचे इंजिन प्रवास संपत आला असताना पंपाच्या बिघाडामुळे थांबले, पुढचे, बंद ठेवलेले इंजिन सुरू होईपर्यंत विमान बरेच खाली आले होते.

माझा कौल दुसऱ्या रचनेला आहे, पण दोन स्वतंत्र पंप बसवणार असाल तरच. अन्यथा पहिली घ्यावी आणि कॉक नजरेसमोर ठेवावा. आसनामागचे १५० लिटर पेट्रोल सुमारे १०८ किलो भरते, तेव्हा भारकेंद्राचा, म्हणजे विमानाचा तोल ज्या बिंदूवर राहतो त्याचा हिशेब टाकी भरलेली आणि रिकामी असा दोन्ही वेळचा करावा.

आपल्या उसाच्या पट्ट्यात इथेनॉलचे वेगळे सांगायला नको. पंपावरचे ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल छोट्या विमानांच्या रोटॅक्स ९१२ इंजिनाला चालत नाही, त्याची मर्यादा ई-१० (१० टक्के) आहे. शिवाय इथेनॉल पाणी ओढते, आणि खानापूरकडच्या पावसाळी हवेत अर्धवट भरलेली टाकी ठेवणे म्हणजे पाण्याला आमंत्रणच. मोजनळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घालून हलवावे व स्थिर होऊ द्यावे: खालचा थर १० च्या रेघेच्याही वर गेला, तर इथेनॉल आहे.